चिलखत कोठे मोजावे? भूमिका-खेळांतील बंदुकांचा इतिहास

टेबलाभोवती बसून, कागदावर उतरवलेल्या पात्रांच्या वतीने निर्णय घेत आणि त्यांचे फळ फाशांच्या दानावर सोडत जे भूमिका-खेळ खेळले जातात, त्यांचे मूळ लष्करी पटयुद्धांत आहे. प्रशियाचा तरुण लष्करी अधिकारी राइस्विट्झ याने १८२४ मध्ये ‘क्रीग्सस्पील’ या पटयुद्धाचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा बंदुकांच्या माऱ्याचा परिणाम फासे आणि तक्ते यांवरून ठरू लागला. मात्र एका दानात सबंध तुकडीची हानी निघत असल्याने एखाद्या सैनिकाच्या अंगावर गोळी नेमकी कोठे लागली, हे विचारण्याचे कारणच पडत नसे. खेळातील घटक तुकडीऐवजी एक माणूस झाला, तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने (१९७४) चिलखताचा हिशेब वाराच्या आधीच उरकला. चिलखत जितके जड, तितकी वार लागण्याची शक्यता कमी. आणि एकदा वार लागला की पात्राच्या जीवनांकांतून, म्हणजे इजा सोसण्याच्या ठरावीक साठ्यातून, संपूर्ण इजा वजा होई. तलवारीच्या बाबतीत ही सोय खपून गेली, कारण पत्र्यावरून निसटलेला वार हा न लागलेलाच वार मानता येतो. बंदुकीच्या बाबतीत ती खपण्याजोगी नव्हती. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या कंपनीच्याच ‘बूट हिल’ने (१९७५) अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील बंदूकबाजी खेळात आणली, तेव्हा जखमेची जागा आणि तिची तीव्रता (हलकी, गंभीर वा प्राणघातक) थेट फाशांवर ठरवली, आणि पात्राच्या धैर्यालाही स्वतंत्र अंक दिला. पुढच्या कित्येक जाडजूड नियमग्रंथांपेक्षा ही छोटी पुस्तिका या बाबतीत अधिक शहाणी होती.

मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७) प्रत्येक शस्त्र आणि प्रत्येक चिलखत यांची गाठ घालणारा तक्ता होता; लेझर परतवणारे चकचकीत चिलखत गोळीपुढे निरुपयोगी ठरे, हे त्या तक्त्यातच दिसे. गोळीरोधक कापडाचे वर्णन करताना मिलर यांनी ते आघात अंगभर पसरवते आणि त्यामुळे मुका मार बसू शकतो असे लिहिले, आणि ते वास्तवाला धरून होते, कारण ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या केवलार तंतूची जाकिटे तोवर अमेरिकी पोलिसांच्या अंगावर चढू लागली होती. तरीही त्या मुक्या माराला नियमांत जागा नव्हती. हे कापडसुद्धा गोळी लागण्याची शक्यताच तेवढी घटवी. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘रूनक्वेस्ट’ने चिलखत वारानंतर मोजण्याची रीत रुळवली. इजेच्या आकड्यातून वार लागलेल्या अवयवावरील चिलखताचा आकडा वजा करायचा, एवढीच ती रीत. ‘सायबरपंक’च्या १९९० च्या आवृत्तीत नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची इजा दोन फासे अधिक एक, आणि केवलारच्या बनियनची रोधशक्ती दहा, असा हिशेब आहे, म्हणजे दान मिळून अकरा पडले तर बारातून दहा जाऊन दोनच आत पोहोचतात, आणि भेदल्या गेलेल्या बनियनची रोधशक्ती मात्र एकाने उतरते.

या वजाबाकीत एक खोट राहते. बारीक, वेगवान गोळी चिलखत सहज भेदते पण तुलनेने अरुंद जखम करते, आणि जाड, संथ गोळीचे याच्या उलट होते. एकाच आकड्यात हे दोन्ही गुण मावत नाहीत. लीडिंग एज गेम्सच्या ‘फीनिक्स कमांड’ने (१९८६) ते वेगळे काढले. भेदनक्षमतेचा आकडा चिलखताशी भिडे, इजेची श्रेणी शरीराशी. दोन सेकंदांच्या फेरीचे चार तुकडे, कपाळ, हृदय, यकृत अशा जागांचे तक्ते, आणि जायबंदी होणे व मरणे यांचा स्वतंत्र निवाडा. एका गोळीसाठी इतकी पाने चाळावी लागत की या खेळाची कीर्ती मुख्यतः त्याच्या क्लिष्टतेसाठीच उरली, आणि ती अगदीच अन्यायाची नव्हे.

तथापि जायबंदी होणे आणि मरणे यांचा निवाडा वेगळा करण्यात त्याचे चुकले नव्हते. त्याच वर्षी ११ एप्रिलला मायामीत एफबीआयच्या अधिकाऱ्यांशी झालेल्या चकमकीत मायकेल प्लॅट या दरोडेखोराला लागलेली गोळी दंडातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम प्राणघातक होती, पण तो त्यानंतरही लढत राहिला आणि चकमकीअंती दोन अधिकारी ठार झालेले होते. जीवनांक शून्यावर येताच पात्र आडवे पडावे, या नियमात असा माणूस बसत नाही.

मुक्या मारालाही पुढे खेळांत आकडा मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय न्यायसंस्थेच्या गोळीरोधक जाकिटांच्या मानकानुसार चाचणीत जाकिटामागे ठेवलेल्या मातीत गोळीच्या आघाताने पडणारा खळगा ४४ मिलिमीटरहून खोल असता कामा नये, म्हणजे अडवलेली गोळीही इजा करते हे तेथे गृहीतच आहे. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’च्या चौथ्या आवृत्तीने (२००४) लवचीक चिलखताने अडवलेल्या गोळीच्या दर दहा अंकांमागे एक जीवनांक कापण्याचा नियम घातला, आणि त्याच मालिकेतील २०११ चे ‘टॅक्टिकल शूटिंग’ हे पुस्तक बंदुकीकडून बंदूकधाऱ्याकडे वळून त्याचे प्रशिक्षण, पवित्रा आणि नेम धरण्याच्या पद्धती यांचे नियम सांगू लागले.