पुण्याचा उन्हाळा: पारावरची आठवण, वेधशाळेची वही आणि आपलं पीक



एप्रिल निम्मा झाला की आमच्या मांजरीत पारावर एकच विषय निघतो. आजवरचा सगळ्यात कडक उन्हाळा कुठला? जुनी माणसं बहात्तर सोडायला तयार नसतात. माझ्या वयाचे बरेच जण २०१६ म्हणतात. पोरं मोबाईल काढून २०१९ चा आकडा दाखवतात. प्रत्येकाचा एक लाडका उन्हाळा असतो आणि तो सांगताना माणूस जरा खुशीतच असतो, जणू काही तो उन्हाळा त्यानं एकट्यानं काढलाय.

मलाही हा नाद आहे. गोठ्याच्या सावलीला कमाल-किमान तापमापी टांगलेली आहे आणि रोज सकाळी मी वहीत आकडा लिहितो. म्हणून आज फवारणी-खताचं न लिहिता पुण्याच्या उन्हाळ्याचा इतिहास लिहितोय. शेवटी गाडी पिकावरच येणार आहे, काळजी नको.

आधी हे बघू की ‘पुण्याचा पारा’ म्हणजे नेमका कुठला पारा. पेपरात येतो तो शिवाजीनगर वेधशाळेचा. तिथं पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी असते. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, दार उत्तरेला, म्हणजे ऊन थेट आत येत नाही आणि वारा मात्र खेळतो. कमाल तापमापीत पाऱ्याच्या गोळ्याजवळ नळी चिमटलेली असते, त्यामुळे वर चढलेला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही, जुन्या ताप बघायच्या थर्मामीटरसारखाच. तेव्हा आपण रस्त्यावर गाडीच्या काचेत ४६ बघतो आणि खातं ४१ सांगतं, यात कुणी खोटं बोलत नाही. खातं सावलीतल्या हवेचं तापमान सांगतं. आपली गाडी उन्हात तापलेल्या डांबराचं सांगते.

आता सगळ्यात जुना मोठा आकडा. पुण्याच्या नोंदीत एप्रिल महिन्याचा विक्रम ४३.३ अंश आहे आणि तारीख आहे ३० एप्रिल १८९७. हा तीन दशांशाचा हिशेब कुठून आला? त्या काळी मोजमाप फॅरनहाइटमध्ये होतं. ११० अंश फॅरनहाइट म्हणजे आपले ४३.३. तेव्हा आपल्या देशात तापमाप्या गवती छपराच्या उघड्या मांडवात टांगायची पद्धत होती, पांढरी पेटी पुढं आली. त्यामुळे तेव्हाचा आणि आताचा आकडा समोरासमोर ठेवताना एवढं ध्यानात ठेवावं.

पण १८९७ चा तो एप्रिल नुसत्या आकड्याचा नव्हता. आदल्या साली, १८९६ ला, पावसानं दगा दिलेला. दख्खनमध्ये दुष्काळ पडलेला. टिळक ‘केसरी’तून शेतकऱ्यांना सांगत होते की दुष्काळाच्या कायद्यात तुमचे हक्क आहेत, ते मागा. त्यातच प्लेग पुण्यात शिरला. मार्चपासून रँडच्या प्लेग कमिटीनं गोऱ्या सोजिरांकडून घरं तपासायला सुरुवात केली. संशयितांना छावण्यांत हलवलं जात होतं. आमच्या शेजारी हडपसरला ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होते. मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यानंतर सात आठवड्यांनी पारा ११० ला टेकला. पुढं २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

म्हणजे बघा, त्या सालाबद्दल शाळेत आपण प्लेग शिकलो, रँड शिकलो. उन्हाचं कुणी सांगितलं नाही. पण घराबाहेर काढलेली माणसं ज्या तंबू-झोपड्यांत राहिली, त्यांच्या डोक्यावर ४३ अंशांचं ऊन होतं. दुष्काळानं हाडं निघालेल्या जनावरांवरही तेच होतं. नोंदवहीत हे सगळं एका आकड्यात मावतं.

दुसरा मोठा दिवस बहुतेकांच्या आठवणीतला आहे. २८ एप्रिल २०१९, रविवार. शिवाजीनगरला ४३ अंश. विक्रमाला फक्त तीन दशांश कमी. दुसऱ्या दिवशी आमच्या शिरूर लोकसभा मतदारसंघात मतदान होतं. लोकांनी सकाळी सातलाच रांगा लावल्या, दुपारी केंद्रावर शुकशुकाट.

मी पंचांग काढून बघितलं तर एक गंमत सापडली. १८९७ चा दिवस आणि २०१९ चा दिवस, दोन्ही चैत्राच्या वद्य पक्षातले. आपण ‘वैशाख वणवा’ म्हणतो खरं, पण पुण्यात सरासरीनं एप्रिल हा मे महिन्यापेक्षा जास्त तापतो. एप्रिलची कमाल सरासरी ३८ च्या आसपास असते, मे महिन्याची थोडी कमी. कारण मे लागला की पश्चिमेचा दमट वारा जोर धरतो, ढग येतात, वळीव पडतो. एप्रिलमध्येही संध्याकाळी समुद्राकडचा वारा घाट चढून पुण्यापर्यंत येतो आणि अंगण गार करतो. जुन्या पुण्याच्या संध्याकाळचं जे कौतुक होतं, ते या वाऱ्याचं. लाटेच्या दिवसांत मात्र राजस्थान-गुजरातकडून कोरडा वारा सुटतो, वरची हवा खाली दाबली जाते आणि दाबली गेली की आणखी तापते. समुद्राचा वारा उशिरा येतो किंवा येतच नाही. मग पारा चाळिशी ओलांडतो.

आता पारावरच्या बहात्तरचं आणि २०१६ चं काय? दोन्ही वर्षं दुष्काळाची. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे सगळ्यांना आठवत असेल. माणूस उन्हाळा घशानं लक्षात ठेवतो. विहिरीला पाणी असेल तर ४२ अंश विसरला जातो, आणि विहीर आटली असेल तर ३९ सुद्धा जन्मभर लक्षात राहतो. त्यामुळे आठवण खोटी म्हणायचं कारण नाही. आठवण पाण्याची नोंद ठेवते, वेधशाळा हवेची. दोन्ही वह्या वेगळ्या आहेत एवढंच.

तिसरी वही पिकाची. आणि या वहीचं काम आपल्या पुण्यातच सुरू झालं, हे कितीजणांना माहीत आहे? शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ म्हणून चौक आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, त्यावरून ते नाव. पुढं १९४४ ला मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव राहिलं. १९३२ साली पुण्यात कृषी हवामान विभाग सुरू झाला. डॉ. एल. ए. रामदास त्याचे प्रमुख. या माणसानं हवामान पिकाच्या उंचीला आणून मोजलं. त्यांनी दाखवलं की वारा नसलेल्या निरभ्र रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटून नसते, एक-दोन वीत वर असते. जगभर आजही त्याला रामदास थर म्हणतात. काळ्या रानाचा वरचा थर उन्हाळ्यात हवेपेक्षा किती तरी जास्त तापतो, आणि त्यावर खडूसारख्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिला तर खालची माती बरीच गार राहते, हेही पुण्यात मोजून झालं. आज आपण उसाचं पाचट न जाळता सरीत पसरतो, भाज्यांना आच्छादन करतो, त्याच्या मागचं गणित तेच आहे.

आता मुद्द्याचं. उष्णतेची लाट कधी जाहीर होते? मैदानी भागात पारा निदान ४० ला पोचला पाहिजे आणि तिथल्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त पाहिजे. ६.४ च्या वर फरक गेला तर तीव्र लाट. किंवा पारा सरळ ४५ ला गेला तर सरासरी न बघता लाट. पुण्याची एप्रिलची सरासरी ३८ धरली तर साडेबेचाळीसशिवाय इथं लाट नाही. ही व्याख्या माणसाच्या जिवासाठी ठीक आहे. गव्हाला ती लागू पडत नाही.

२०२२ चा मार्च आठवा. पारावर कुणी त्याचं नाव घेत नाही, कारण पुण्यात विक्रम काही मोडला नाही. पण देशभराच्या कमाल तापमानाची सरासरी काढली तर १९०१ पासूनचा तो सगळ्यात उष्ण मार्च होता, ३३.१ अंश. माझ्या वहीत त्या महिन्यात ३६-३७ चे आकडे आहेत. चाळिशी लांबच. पण आमचा उशिरा पेरलेला गहू तेव्हा चिकात होता. दाणा भरताना गव्हाला तिशीच्या आतलं ऊन मानवतं. पारा त्याच्या वर राहिला की झाड घाई करतं, पीक आठ-दहा दिवस आधीच पिवळं पडतं आणि दाणा चिमतो. ओंबी बघायला भरलेली, हातावर चोळली की दाणे सुरकुतलेले. उत्तरेत तर मोठाच फटका बसला. केंद्राचा सुमारे ११.१ कोटी टन गव्हाचा अंदाज १०.६ कोटींवर आला, आणि १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद झाली. पुण्यात एकही दिवस ‘विक्रमी’ न ठरलेल्या उन्हानं आपल्या देशाचा गव्हाचा व्यापार थांबवला. ४३ अंशांच्या २८ एप्रिल २०१९ ला आमच्या रानात गहू नव्हताच, कापणी-मळणी कधीच उरकली होती.

माणसाच्या बाबतीतही नुसता पारा फसवतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला मोठा कार्यक्रम झाला. लाखो लोक भर उन्हात बसले. उष्माघातानं १४ जण गेले. त्या दिवशी त्या भागात पारा ३८ च्या आसपास होता. पण समुद्रकाठची दमट हवा, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. पुणेकर ३८ ला साधा दिवस म्हणतो. दमट हवेत तोच ३८ जीव घेतो. आपल्याकडेही वळवाच्या आधी जी उबट, चिकट हवा होते, त्या दिवशी मजुरांना जास्त जपलं पाहिजे. पाणी, सावली, आणि काम सकाळी अकराच्या आत.

आणि शेवटचं, रात्र. पुणे शहर पसरलं तसं रात्रीचं गणित बदललं. मगरपट्टा, कोरेगाव पार्क इकडची रात्र पाषाणपेक्षा कित्येक अंशांनी उबदार असते. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर परत देतं. आमचं मांजरी २०२१ ला महापालिकेत गेलं. दोन बाजूंना इमारती आल्या. माझ्या वहीत दुपारच्या आकड्यापेक्षा पहाटेचा आकडा जास्त सरकलेला दिसतो. याचा शेतीला काय संबंध? टोमॅटोची फुलं रात्र गार झाली नाही तर गळतात. संकरित गाय दुपारचा दम रात्री भरून काढते, रात्रच उबट राहिली तर सकाळी बादली हलकी येते. रात्री झाड श्वासातच साखर खर्च करतं, दाण्याला कमी उरते.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. वेधशाळेचा विक्रम शहराचा, पारावरची आठवण पाण्याची. आपल्या पिकाचा उन्हाळा आपणच लिहायला पाहिजे. खर्च लई नाही. साधी कमाल-किमान तापमापी, भिंतीपासून लांब, सावलीत, वारा लागेल अशी, छातीएवढ्या उंचीवर. रोज सकाळी साडेआठला बघा, वेधशाळाही त्याच वेळेला बघते. वहीत चार रकाने पाडा: तारीख, कमाल, किमान आणि पीक कुठल्या अवस्थेत आहे. हा चौथा रकाना कुठल्याच वेधशाळेकडे तुमच्या रानाचा नसतो. पाच-सहा वर्षांची वही झाली की गहू पंधरा नोव्हेंबरच्या आत का पेरायचा, टोमॅटोची लागण कधी टाळायची, हे कुणाला विचारावं लागत नाही.

ज्यांच्या घरी जुनी वही, पंचांगाच्या कडेला केलेली नोंद किंवा आजोबांनी भिंतीवर लिहिलेली तारीख असेल, त्यांनी ती जपून ठेवा. आकडा असो नसो, त्या दिवशी रानात काय उभं होतं तेवढं जरी लिहिलेलं असलं तरी ते सोन्यासारखं आहे.

जय जवान, जय किसान.