प्रवाहाची मोजदाद

राज्यकारभार म्हटला की मोजदाद आली, आणि मोजदाद म्हटली की एक जुना प्रश्न आला : सगळेच मोजावयाचे, की थोडे मोजून सगळ्याचा अंदाज बांधावयाचा? या शहराला हा प्रश्न नवा नाही. १६१० च्या सुमारास निजामशाहीच्या मलिक अंबराने खडकी वसविली. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. जमिनीची प्रत व पिकाचा अंदाज पाहून सारा बांधणारा कारभारी म्हणून अंबराचे नाव राहिले आहे. शेतातले प्रत्येक कणीस कोणी मोजीत नसते.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते धान्याविषयी नव्हे, संदेशांविषयी. तारेचा हिशेब शब्दांवर होई, ट्रंक कॉलचा मिनिटांवर. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांस खुले केले, आणि ही दोन्ही मापे निरुपयोगी ठरली. येथे संदेशाचे बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर धाडणाराचा व घेणाराचा पत्ता असतो, आणि वाटेवरची राउटर नावाची यंत्रे त्यांस पुढे ढकलीत राहतात. तारेवरून एकंदर किती माल गेला हे मोजणे सोपे. कोणाचा गेला आणि कोठे गेला, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९९६ मध्ये अमेरिकेतील सिस्को कंपनीच्या राउटरांत नेटफ्लो ही सोय आली. एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी, एकाच कामासाठी जाणाऱ्या तुकड्यांचा मिळून एक प्रवाह मानावा आणि त्याची वहीत एक नोंद करावी, ही तिची युक्ती. परंतु तारांचा वेग वाढला तशी वहीच राउटरास जड झाली. मग हजारातून एकच तुकडा पाहावा आणि आलेल्या आकड्यास हजाराने गुणावे, हा मार्ग रूढ झाला. त्यासाठीची एस-फ्लो ही पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली.

हजारातून एक पाहून हिशेब खरा कसा ठरेल, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीच्या नमुना-पाहणीस शास्त्राचा पाया देण्यात मोठा वाटा उचलला. नमुनाशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९५४ चा. नमुना चिठ्ठ्या टाकल्यासारखा निःपक्षपाती निवडावा, ही पहिली अट. दुसरी गोष्ट अशी की चूक ठरते ती मुख्यतः नमुन्यांच्या संख्येवर, एकूण ढिगाच्या आकारावर नव्हे. एखाद्या संस्थेचे दहा हजार तुकडे नमुन्यात सापडले, तर अंदाज बहुधा शेकडा दोनच्या आत चुकतो; शंभरच सापडले, तर चूक शेकडा वीसपर्यंत जाऊ शकते.

आता वाटेचा प्रश्न. या शहराची ख्याती बावन्न दरवाज्यांची. दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडणारा प्रत्येक वाटसरू दिल्लीस जात असे काय? दरवाजा फक्त पुढची वाट सांगतो, मुक्काम सांगत नाही. नेटफ्लोची नोंदही तशीच मुकी असते. तिला बोलके करते ते मार्गांचे कोष्टक. कोणता पत्ता कोणत्या संस्थेच्या जाळ्यात आहे आणि तेथे कोणाकोणाच्या जाळ्यांतून जावे लागते, हे राउटर परस्परांस कळवितात. १९८९ मध्ये जन्मलेल्या बीजीपी या नियमावलीचे कार्य तेच. प्रवाहाची वही आणि हे कोष्टक एकत्र ठेवले की हिशेब पुरा होतो. एक पथ्य मात्र पाळावे : मोजणी वेशीवरच करावी. आतल्या प्रत्येक चौकात मोजले, तर एकच गाडी चार वेळा मोजली जाते.

अशा हिशेबाने काय साधते? एके काळी दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधला संदेशसुद्धा परदेशी जाऊन परत येई, आणि त्या प्रवासाचे मोल देशास मोजावे लागे. ते टाळण्यासाठी २००३ मध्ये राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे निक्सी, स्थापन झाले. तेथेही आरंभी ज्याने अधिक माल मागविला त्याने फरकाचे पैसे द्यावे, असा नियम होता. मोजदाद चुकली तर भुर्दंड कोणावर, हे सांगावयास नको.

आणि येथेच सावध राहिले पाहिजे. आणेवारीचा एक आकडा गावाचे नशीब कसे ठरवितो, हे मराठवाड्यास सांगण्याची गरज नाही. मोठ्याचा अंदाज नमुन्यात नेटका उतरतो. लहान ग्राहक कधी अजिबात सापडत नाही, कधी सापडला तर हजारपट फुगतो. म्हणून नवी तार कोठे टाकावी हे ठरविण्यास नमुना पुरेसा आहे. लहान माणसाच्या बिलास तो आधार होऊ नये. शिवाय कोणी कोणाशी संबंध ठेवला याची ती वही आहे. ती किती दिवस ठेवावी आणि कोणी उघडावी, याचा निर्बंध मोजणी सुरू होण्यापूर्वीच घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सारा बांधताना रयतेस न्याय मिळाला की नाही, यावरून आपण मलिक अंबराची परीक्षा करतो. आजच्या मोजणाऱ्यांचीही परीक्षा त्याच कसोटीवर व्हावयास हवी.