यहोवाचे साक्षीदार : घरोघरचा प्रचार व स्वर्गकल्पना

घरोघर जाऊन बायबलमधील देवाच्या ‘राज्याचा’ संदेश सांगणे हे प्रत्येक अनुयायाचे कर्तव्य मानणारा, अमेरिकेत उगम पावलेला ख्रिस्ती पंथ. चार्ल्स टेझ रसेल यांनी पिट्सबर्ग परिसरात चालवलेल्या बायबल अभ्यासगटातून तो वाढला. त्यांचे ‘टेहळणी बुरूज’ हे नियतकालिक 1879 मध्ये सुरू झाले; आज ते मराठीतही निघते. सध्याचे नाव 1931 मध्ये रसेल यांच्यानंतरचे प्रमुख जोसेफ रदरफर्ड यांच्या काळात स्वीकारले गेले.

पंथाची स्वर्गकल्पना इतर ख्रिस्ती मतांहून (पहा : त्रैक्य; नरक) मुळातच वेगळी आहे. आत्मा अमर नाही, मृत व्यक्तीला कसलेच भान नसते आणि नरकयातना नाहीत, असे हा पंथ मानतो. ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाच्या आधारे केवळ 1,44,000 जण स्वर्गात ख्रिस्तासोबत राज्य करतील, अशी त्याची श्रद्धा आहे. उरलेले विश्वासू हर्मगिदोन या अंतिम युद्धानंतर नंदनवन झालेल्या पृथ्वीवर सदैव जगतील. ‘प्रकटीकरणा’तील ‘मोठा लोकसमुदाय’ पृथ्वीवरचाच, हा अर्थ 1935 मध्ये निश्चित झाला. म्हणूनच ख्रिस्ताच्या मृत्यूच्या वार्षिक स्मारकविधीत भाकर व द्राक्षारस बहुतेक उपस्थित केवळ पुढे देतात. सेवन फक्त स्वर्गाची आशा बाळगणारे करतात. दारात उभे राहणारे प्रचारकही सहसा स्वतःसाठी स्वर्ग मागत नाहीत, ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या क्वचितच ध्यानात येते.

प्रचारक बहुधा जोडीने जातात व विनामूल्य बायबल अभ्यास देऊ करतात. त्यांच्याशी संबंधित खटल्यांतून अमेरिकेत अभिव्यक्ती व धर्मस्वातंत्र्याचे महत्त्वाचे निवाडे झाले : कँटवेल (1940), मर्डॉक (1943), स्ट्रॅटन (2002). कोविडमुळे मार्च 2020 मध्ये थांबलेल्या घरभेटी सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. (पहा : धर्मप्रसार, सहस्रवर्षवाद).