कम्युनिस्ट नेत्यांवरचे माहितीपट आणि दुभंगलेला प्रेक्षक: पुरावा कसा वाचायचा?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की एक वाक्य हमखास येतं. "या माहितीपटाबद्दल प्रेक्षकांमध्ये मतभेद दिसून आले." वाक्य खोटं नसतं, पण त्यातून हाती काही लागत नाही.

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञान शाखेतलं. प्रयोगशाळेत एकाच नमुन्याची दोन वाचनं वेगळी आली तर 'फरक आढळला' एवढंच लिहून आपण वही मिटत नाही. उपकरण बदललं होतं का, वाचन कधी घेतलं, नमुना कुणी तयार केला, हे आधी तपासतो. इतिहासाच्या साधनांबाबतही हेच करता येतं. त्यासाठी आज तीन माहितीपट बघू. क्युबाचा फिडेल कॅस्ट्रो, रुमानियाचा निकोलाय चाउशेस्कू आणि सोव्हिएत संघाचा स्टालिन हे त्यांचे विषय. तिन्ही नेते वादग्रस्त आहेत आणि तिन्ही चित्रपट एका साध्या 'चांगला की वाईट' या चौकटीत बसत नाहीत.

तारीख बघा: कॅस्ट्रो

अमेरिकन दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन २००२ मध्ये क्युबाला गेला. तीन दिवसांत कॅस्ट्रोबरोबर सुमारे ३० तासांचं चित्रीकरण झालं. कॅस्ट्रोला हवं तेव्हा कॅमेरा थांबवायला सांगण्याची मुभा होती. या चित्रीकरणातून 'कोमांदांते' तयार झाला आणि जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. स्टोन कॅस्ट्रोवर फारच भाळलाय, अडचणीचे प्रश्न नेट लावून विचारत नाही, अशी टीका झाली. तरीही एचबीओ ही वाहिनी तो मे महिन्यात दाखवणार होती.

मधल्या काळात काय झालं? मार्चमध्ये क्युबात ७५ विरोधकांना पकडलं गेलं आणि त्यांना लांबलचक शिक्षा झाल्या. एप्रिलच्या सुरुवातीला काही जणांनी हवानातली एक फेरीबोट अमेरिकेकडे पळवायचा प्रयत्न केला. त्यातल्या तिघांना ११ एप्रिलला गोळ्या घालण्यात आल्या. एचबीओने प्रसारण रद्द केलं. स्टोन पुन्हा क्युबाला गेला. अपहरणाचा आरोप असलेले कैदी आणि कॅस्ट्रो यांना त्याने एकाच खोलीत समोरासमोर आणलं, आणि २००४ मध्ये 'लुकिंग फॉर फिडेल' हा दुसरा माहितीपट आला.

आता गंमत बघा. जानेवारी आणि एप्रिल यांच्या दरम्यान 'कोमांदांते'चं एकही दृश्य बदललेलं नव्हतं. बदलली होती ती बाहेरची परिस्थिती. जानेवारीत ज्या गप्पा फार तर भोळसट वाटल्या असत्या, त्याच एप्रिलनंतर असह्य वाटू लागल्या. त्यामुळे जानेवारीचं परीक्षण आणि एप्रिलनंतरचं परीक्षण एकाच ढिगात टाकून 'मतं संमिश्र होती' असं लिहिलं, तर आपणच पुरावा नासवतो. प्रतिक्रियेला तारीख असते. ती नोंदवली नाही तर ती प्रतिक्रिया कशावर होती, चित्रपटावर की त्या आठवड्यातल्या बातमीवर, हे सांगताच येत नाही.

कॅमेरा कुणाचा होता ते बघा: चाउशेस्कू

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे, म्हणून त्यावर जरा थांबू. रुमानियन दिग्दर्शक आंद्रेई उजिका याचा तीन तासांचा 'निकोलाय चाउशेस्कूचं आत्मचरित्र' २०१० मध्ये कान महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवला गेला. चित्रपटात निवेदन नाही, मुलाखती नाहीत, पडद्यावर खुलासे नाहीत. आहे ते फक्त जुनं चित्रण. हजाराहून अधिक तासांच्या सरकारी फुटेजमधून ते निवडलेलं आहे.

मग याला 'आत्मचरित्र' का म्हटलं? कारण चित्रपटाची सुरुवात डिसेंबर १९८९ मधल्या तर्गोविश्ते इथल्या खटल्याच्या चित्रफितीने होते. सत्ता गेलेला चाउशेस्कू बाकामागे बसलाय आणि उत्तरं द्यायला नकार देतोय. २५ डिसेंबरला त्याला आणि त्याची पत्नी एलेना हिला गोळ्या घातल्या गेल्या. पुढचे तीन तास म्हणजे जणू त्या माणसाला त्या खोलीत आठवत असलेलं त्याचं आयुष्य. १९६५ मधली आधीच्या नेत्याची अंत्ययात्रा, परदेशी पाहुणे, चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा, शिकार, पक्षाची अधिवेशनं. हे चित्रण त्याच्यासाठी आणि त्याच्या राजवटीने केलेलं होतं, म्हणून त्याचा 'लेखक' तोच.

या फुटेजमध्ये काय नाही, याची यादी करून बघा. १९६६ च्या आदेश क्रमांक ७७० ने गर्भपातावर बंदी घातली आणि तिचे परिणाम हजारो बायकांनी भोगले. त्या बायका यात नाहीत. १९८० च्या दशकात परदेशी कर्ज फेडण्यासाठी अन्नधान्याचं रेशनिंग झालं, थंडीत घरं गरम ठेवणं कठीण झालं, वीज कापली जायची. त्या रांगा आणि ती गारठलेली घरं यात नाहीत. दिसतात ती नेत्याच्या पाहणी दौऱ्यातली भरलेली फडताळं.

इथेच प्रेक्षक दुभंगतो. ज्याने ती वर्षं स्वतः काढली, त्याला भरलेलं फडताळ दिसताच घरचं रिकामं फडताळ आठवतं. त्याच्यासाठी ते दृश्य जळजळीत उपरोध आहे. ज्याला रुमानियाबद्दल काहीच ठाऊक नाही, त्याला एक कष्टाळू, जगभर मान मिळवणारा राष्ट्रप्रमुख दिसू शकतो. 'संदर्भ न देता असं दाखवणं म्हणजे हुकूमशहाला परत व्यासपीठ देणं' हा आक्षेप याच भीतीतून येतो. तिसरा प्रेक्षक असतो तो जुने दिवस चांगले होते असं मानणारा. त्याला तर हवा तोच चित्रपट मिळाला! तिघांनीही एकच चित्रपट पाहिलाय. जो भाग पडद्यावर नाही तो प्रत्येकाने आपापल्या आठवणीतून भरलाय.

पण म्हणून 'ज्याची जशी आठवण तसा अर्थ' असं म्हणून मोकळं होऊ नका. काही गोष्टी बाहेरच्या पुराव्यावर तपासता येतात. टाळ्यांचंच उदाहरण घ्या. २१ ऑगस्ट १९६८ ला सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्यावर चाउशेस्कूने बुखारेस्टच्या राजवाडा चौकात त्या आक्रमणाचा जाहीर निषेध केला. त्या दिवशीच्या गर्दीचा उत्साह बऱ्याच अंशी खरा होता. राजवटीबद्दल शंका असणारे लोकही त्या क्षणी त्याच्या बाजूने उभे राहिले. १९८० च्या दशकातल्या सभांमधल्या टाळ्या मात्र ठरवून, माणसं आणून घडवलेल्या असत. फुटेजमध्ये दोन्ही गर्दी सारख्याच दिसतात. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर संकेत एकच, कारणं दोन. आणि त्याच चौकात २१ डिसेंबर १९८९ ला गर्दीतून आरडाओरडा सुरू झाला, चाउशेस्कू भाषण करता करता गोंधळला आणि थेट प्रक्षेपण तुटलं. तो क्षण उजिकाने हारून फारोकीबरोबर १९९२ मध्ये केलेल्या 'एका क्रांतीच्या चित्रफिती' या चित्रपटात बारकाईने उलगडला आहे. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघा, म्हणजे सरकारी कॅमेरा काय दाखवतो आणि कुठे हतबल होतो, हे लक्षात येईल.

अजून एक बारीक गोष्ट. या जुन्या फुटेजपैकी बरंचसं मूक होतं आणि त्याला आवाज नंतर चढवलेला आहे. म्हणजे निवेदन नसलं तरी दिग्दर्शकाचा हात आहेच. 'दिग्दर्शक काही बोलत नाही, म्हणून चित्रपट तटस्थ आहे' हे विधान प्रबंधात लिहू नका. निवड, क्रम आणि आवाज हेही बोलणंच आहे.

रडणाऱ्यांचं काय करायचं: स्टालिन

५ मार्च १९५३ ला स्टालिन गेला आणि ९ मार्चला अंत्यसंस्कार झाले. त्या दिवसांत देशभर कॅमेरे फिरत होते, काही कृष्णधवल, काही रंगीत. त्यातून तेव्हा एक अधिकृत चित्रपट बनवला गेला, पण तो दडपून ठेवला गेला. शवपेटीजवळ भाषण करणारा बेरिया जूनमध्ये अटकेत होता आणि वर्ष संपायच्या आत त्याला मृत्युदंड झाला, यावरून त्या चित्रपटाची अडचण समजू शकते. सर्गेई लोझ्नित्सा याने हेच चित्रण वापरून २०१९ मध्ये 'स्टेट फ्युनरल' केला.

सव्वादोन तास आपण चेहरे बघतो. रांगेतले, कारखान्यातले, रस्त्यातल्या कर्ण्याखाली थांबलेले. कुणी हमसून रडतंय, कुणाचा चेहरा कोरा आहे, कुणी कॅमेऱ्याकडे बघून घाईने नजर वळवतंय. मॉस्कोच्या रस्त्यांवर झालेल्या चेंगराचेंगरीत माणसं मेली, ती मात्र यात कुठेच नाहीत. चित्रपट संपताना पडद्यावर स्टालिनच्या राजवटीतल्या बळींविषयीचा मजकूर येतो. त्या मजकुरावरही मतं विभागतात. काहींना तो आवश्यक वाटतो. त्याशिवाय हा चित्रपट श्रद्धांजली ठरला असता, असं ते म्हणतात. काहींना वाटतं की प्रेक्षकावर सोपवलेला निर्णय दिग्दर्शकाने शेवटच्या मिनिटाला काढून घेतला.

अशा वेळी संशोधकाला दोन सोपे रस्ते दिसतात. एक म्हणजे 'सगळे भीतीने रडत होते'. दुसरा म्हणजे 'लोकांचं खरंच प्रेम होतं'. दोन्ही रस्ते टाळा. ज्यांच्या घरातली माणसं छावण्यांमध्ये गेली, तेही त्या दिवशी रडल्याच्या आठवणी लिहून ठेवलेल्या आहेत. माणसाच्या मनात भीती, सवय, दुःख आणि 'आता पुढे काय' ही काळजी एकाच वेळी असू शकते. चेहऱ्यावरून आपल्याला अश्रू दिसतात, कारण दिसत नाही. कारणासाठी पत्रं, डायऱ्या, आठवणी यांच्याकडेच जावं लागतं. रडणाऱ्याला मूर्ख ठरवलं की त्याला समजून घ्यायची वाट बंद होते, आणि त्याच्या अश्रूंना जनमत मानलं की पडद्यावर न आलेल्या बळींवर अन्याय होतो.

आराखड्यात हे कसं आणायचं?

प्रत्येक प्रतिक्रियेसमोर चार रकाने करा. प्रतिक्रिया कधीची आहे? देणारा कोण आहे, म्हणजे त्या राजवटीत जगलेला, तिथून पळून आलेला, की दूरचा? त्याने चित्रपट कुठे पाहिला, महोत्सवात की घरच्या टीव्हीवर? आणि तो नेमकं कशाबद्दल बोलतोय, नेत्याबद्दल, दिग्दर्शकाबद्दल की आजच्या राजकारणाबद्दल? बऱ्याचदा दोन 'विरोधी' प्रतिक्रिया दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. मग तो मतभेद उरतच नाही. जो मतभेद चारही रकाने भरल्यावरही शिल्लक राहतो, तो तुमच्या अभ्यासाचा खरा विषय.

हात बसवायचा असेल तर क्युबा-रुमानियाला जायची गरज नाही. १९४८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे बातमीपट घ्या. तेही सरकारी कॅमेऱ्याने टिपलेले आहेत. एखाद्या सभेचं दृश्य निवडा, टाळ्या वाजवणारी गर्दी थांबवून बघा आणि त्याच दिवशीची वर्तमानपत्रं शेजारी ठेवा. मग घरातल्या वयस्कर माणसांना तेच दृश्य दाखवून ते काय सांगतात ते लिहून घ्या.

आणि ते सुरुवातीचं वाक्य? ते असं लिहिता येईल: "जानेवारी २००३ मध्ये महोत्सवात दाखवला गेलेला 'कोमांदांते' मार्च-एप्रिलमधल्या अटका आणि मृत्युदंडांनंतर एचबीओने प्रसारणातून काढून घेतला, त्यामुळे या दोन टप्प्यांतल्या प्रतिक्रिया इथे वेगळ्या वाचल्या आहेत." वाक्य लांबलं खरं, पण आता परीक्षक त्यावर तुम्हाला प्रश्न विचारू शकतो आणि तुमच्याकडे उत्तर असेल.