दगड, दावा आणि सह्या

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळाच्या ताटावरून एक लहानसा पेच उभा राहिला. माझी भाची मृणाल चार वर्षांनी इंग्लंडहून आली होती. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नाने आटोपून मंडळी फराळाला बसली, आणि आईने तिच्या ताटात बेसनाचा लाडू ठेवताच ती हळूच मला म्हणाली, "मामा, यात तूप असेल ना?"

आईचे कान अजून तिखट आहेत. ती म्हणाली, "अगं, तुपावाचून लाडू वळतो का कधी? आणि तूप म्हणजे काय मांसमच्छी आहे?"

"तसं नाही, आजी. मी दूधदुभतंसुद्धा सोडलंय."

आईने काही न बोलता लाडू डब्यात परत ठेवला आणि तेलातला चिवडा तिच्यापुढे सरकवला. ताटातली एक वाटी मात्र तशीच रिकामी राहिली. मी पडलो शाळामास्तर. अशी रिकामी वाटी पाहिली की ती कशाने भरावी याचा विचार करण्याआधी ती रिकामी कशी झाली हे शोधण्याची आम्हां लोकांना खोड असते. त्या शोधात हाती लागलेला इतिहास वाचकांपुढे ठेवतो.

मृणाल स्वतःला 'व्हीगन' म्हणवते. हा शब्द घडवणारा डोनाल्ड वॉटसन माझ्याच धंद्यातला निघाला, याचे मला मोठे कौतुक वाटले. इंग्लंडात तो मुलांना सुतारकाम शिकवीत असे. लहानपणी काकाच्या शेतावर डुक्कर मारताना त्याने पाहिले आणि पुढे मांस सोडले. मग त्याच्या ध्यानात आले, की दुधासाठी पाळलेली गायही अखेरीस त्याच वाटेने जाते. १९४४ च्या नोव्हेंबरात, महायुद्ध चालू असताना, त्याने चारपाच समविचारी माणसे लंडनला जमवून एक संस्था काढली, आणि 'व्हेजिटेरियन' या शब्दाचे पहिले व शेवटचे टोक जोडून नवे नाव बनवले. त्याच्या पत्रिकेला आरंभी अवघे २५ वर्गणीदार होते. तो स्वतः २००५ पर्यंत, पंचाण्णव वर्षे जगला.

पण माणसाने व्रत घेतले की ते पहिल्यांदा घरात अडते आणि मग बाजारात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजाराचे सर्वांत मोठे स्वयंपाकघर झाले ते झटपट खाण्याच्या दुकानसाखळ्यांचे. त्यांतली मॅकडोनल्ड ही सर्वांत नावाजलेली. तिच्या बटाट्याच्या सळ्या, म्हणजे फ्रेंच फ्राइज, ज्या चवीसाठी प्रसिद्ध होत्या ती चव बटाट्याची नव्हती. त्या तळल्या जात सुमारे ९३ टक्के गोवंशाच्या चरबीत. उरलेले ७ टक्के सरकीचे तेल.

ही चरबी हलवली ती कोणा शाकाहाऱ्याने नव्हे. ओमाहा शहरातला फिल सोकोलॉफ नावाचा एक कारखानदार १९६६ साली हृदयविकाराच्या झटक्यातून कसाबसा वाचला होता. पुढे त्याने पदरच्या पैशाने वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन, हे लोक देशाच्या रक्तवाहिन्या बुजवताहेत, असा गजर चालवला. १९९० च्या जुलैत कंपनीने चरबी सोडून वनस्पती तेल पत्करले आणि तसे जाहीर केले. अमेरिकेतल्या हजारो शाकाहारी कुटुंबांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांत आपली माणसेही पुष्कळ होती. परदेशी प्रवासात मुलाने भूक भूक केली, की बटाटा तेवढा निर्धास्त, असे समजून ती खात राहिली.

अकरा वर्षांनी उलगडा झाला. भारतीय वंशाच्या एका गृहस्थाने कंपनीला पत्र पाठवून सरळ विचारले, की यात नेमके काय असते? उत्तर आले, की तेल वनस्पतीचेच, परंतु बटाटे कारखान्यातून निघण्यापूर्वी त्यांना जी 'नैसर्गिक चव' लावतात तीत गोमांसाचा अंश असतो. कॅलिफोर्नियातल्या भारतीयांच्या 'इंडिया वेस्ट' या साप्ताहिकाने ही हकीकत छापली, आणि मे २००१ मध्ये सिअॅटल येथील हरीश भारती या वकिलांनी शाकाहाऱ्यांच्या वतीने दावा लावला.

त्या वेळी मी ठाण्यात एका वह्यापुस्तकांच्या दुकानात नोकरी करीत होतो. मॅट्रिकपुढे शिकणे झाले नव्हते; वय विशीतले. अमेरिकेतली बातमी इकडे पोचली आणि ठाण्यातल्या मॅकडोनल्डच्या दुकानावर जमाव चालून गेला. मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी गल्ल्यापाशी उभ्या उभ्या मी ती बातमी वाचली. खोटे कशाला सांगू? काच फुटल्याचे वाचून मला मनातून बरे वाटले होते. बरी खोड मोडली, असेच मी मालकांना म्हणालो.

मालक वयस्क होते. चष्म्यावरून पाहत त्यांनी एवढेच विचारले, "अरे, पण इथं ते काय घालतात, ते कुणी विचारलं का?"

कोणी विचारले नव्हते. मी तर नाहीच नाही. १९९६ च्या ऑक्टोबरात दिल्लीला या कंपनीचे पहिले भारतीय दुकान उघडले तेव्हापासूनच इथे गोमांस आणि डुकराचे मांस वर्ज्य होते; शाकाहारी व मांसाहारी पदार्थांच्या मांडण्या निराळ्या होत्या; बटाट्यांना अमेरिकेतली ती चव लावली जात नव्हती. नंतर नमुने तपासले गेले, त्यांतही काही निघाले नाही. म्हणजे अपराध घडला एका खंडात आणि दगड पडला दुसऱ्या खंडात. ज्यांच्या पायांशी काचा पडल्या ती दुकानातली पोरे माझ्याच वयाची असतील, हे मला फार उशिरा सुचले.

अमेरिकेतला दावा मात्र नेमक्या ठिकाणी लागला. २००२ साली कंपनीने माफी मागितली आणि एक कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. त्यांतला मोठा वाटा शाकाहारी संस्थांना, उरलेला हिंदू व इतर धर्मसंस्थांना आणि मुलांच्या पोषणाच्या कामाला. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गोमांस हे जगात कोट्यवधी माणसांचे रोजचे अन्न आहे आणि ते खाणारा त्यामुळे कमी दर्जाचा ठरत नाही. कंपनीचा दोष ते विकण्यात नव्हता. सांगायचे ते न सांगण्यात होता. गंमत अशी, की अमेरिकेतल्या त्या सळ्यांच्या घटकांत ती चव पुढेही राहिली. फरक एवढाच, की आता ती यादीत लिहिलेली असते, दुधाच्या अंशासकट. ज्याला सोडायचे तो वाचून सोडतो.

दगड झाला, दावा झाला. तिसरा मार्ग मृणालच्या इंग्लंडातला. तिथे ग्रेग्ज नावाची बेकरीवाल्यांची साखळी आहे, मूळ न्यूकॅसलची. तिचा सॉसेज रोल म्हणजे खारीसारख्या पापुद्र्यांत भरलेले डुकराचे मांस. गिरणीकामगारापासून विद्यार्थ्यापर्यंत सारे तो चालता चालता खातात. आपल्याकडचा वडापावच म्हणा ना! प्राणिहितवाद्यांच्या 'पेटा' या संस्थेने मागणी केली, की असाच एक रोल आमच्यासाठीही करा. वीस हजारांहून अधिक सह्या झाल्या. मागणी नीट पाहावी: तुमचे दुकान बंद करा, असे त्यांत नव्हते, आम्हांलाही रांगेत उभे राहू द्या, एवढेच होते.

३ जानेवारी २०१९ रोजी एक पौंड किमतीला तो रोल दुकानांत आला. पापुद्रे तेच, आत बुरशीपासून केलेले क्वॉर्न नावाचे सारण. दूरचित्रवाणीवरच्या एका नामांकित निवेदकाने त्याची जाहीर टर उडवली, आणि त्या थट्टेने झाली ती जाहिरातच. कित्येक दुकानांत माल संपला. वर्षअखेरीस कंपनीचा नफा इतका वाढला, की जानेवारी २०२० मध्ये तिने नोकरवर्गाला ७० लाख पौंडांचा बोनस जाहीर केला. वॉटसनच्या २५ वर्गणीदारांनी हे स्वप्नात तरी पाहिले असेल काय?

पण सह्यांनी सारेच साधते, असा भोळा निष्कर्ष काढायला इतिहास आड येतो. मे २०२१ मध्ये 'अॅनिमल रिबेलियन' या गटाच्या लोकांनी इंग्लंडातल्या मॅकडोनल्डच्या चार वाटप-केंद्रांच्या दारांत गाड्या आणि बांबूंचे मनोरे आडवे घातले. २०२५ पर्यंत सारी दुकाने वनस्पतिजन्यच करा, अशी त्यांची मागणी होती. ती पुरी झाली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात मात्र कॉव्हेंट्रीला 'मॅकप्लांट' नावाचा मांस-दुधाविना केलेला बर्गर विक्रीस आला आणि जानेवारी २०२२ पासून ब्रिटनभर मिळू लागला. त्याची तयारी नाकेबंदीच्या आधीपासूनच चालली होती. तोच प्रयोग अमेरिकेत झाला आणि गिऱ्हाइकाअभावी गुंडाळला गेला. दुकानदार शेवटी गल्ल्याकडे पाहतो. मागणाऱ्यांना तिथपर्यंत खरे गिऱ्हाईक आणावे लागते. नुसती घोषणा आणून भागत नाही.

हे सारे मी भाऊबीजेच्या आदल्या रात्री आईला सांगत होतो. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिचे हात परातीत होते. मध्येच म्हणाली, "गांधीजींनी नव्हतं का दूध सोडलं?"

सोडले होते. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत असताना. पुढे मुंबईला आजारपणात प्राणावर बेतले, तरी ते दूध घेईनात. तेव्हा खाटेशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी मार्ग काढला, की शपथ घेताना मनात गाईम्हशी होत्या ना, मग शेळीचे घ्या. त्यांनी घेतले, पण आपण शब्द पाळला आणि अर्थ मोडला, ही टोचणी त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. जगाला ठाऊक नसते तरी चालले असते. पण त्यांनी सांगितले.

मी परातीकडे पाहिले. ओल्या नारळाचे सारण होते, पारीला मोहन तेलाचे आणि कढईतही तेलच. तुपाचा डबा फडताळात बंद होता.

दुसऱ्या दिवशी आईने करंज्या मृणालच्या ताटात वाढल्या. मृणालने आजीकडे पाहिले. विचारावे की नाही, असा तिला संकोच पडला असावा.

"विचार की," आई म्हणाली. "विचारलंस म्हणून काही मी रागवत नाही. गोडाला साखर, मोहनाला तेल. दुधाचा थेंब नाही यात."

मग तिने बेसनाचा लाडू माझ्या ताटात ठेवला, तुपातला, आणि तोही मी आनंदाने खाल्ला.