रस्त्याच्या कडेचें रान

धाराशिव जिल्ह्यांतील ढोकी हें वाटेवरचें गांव आहे. लातूरहून बार्शीकडे जाणारा रस्ता येथून जातो, आणि बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातूरला पोंचली तीही ढोकीवरूनच. त्याहीपूर्वीं, सुमारें दोन हजार वर्षांमागें, शेजारच्या तेरहून, म्हणजे प्राचीन तगराहून, मालाच्या गाड्या भडोचच्या बंदराकडे निघत. वाटेनें माल येतो आणि मालाबरोबर न बोलावलेलें बींही येतें. रस्त्याच्या कडेच्या रानाचा इतिहास तो हाच.

या रानांतला एक जुना पाहुणा म्हणजे निवडुंग. तो मूळचा अमेरिकेचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग देणारा किडा हिंदुस्थानांत पाळावयाचा होता, आणि त्या किड्याचें खाद्य निवडुंग. १७९५ सालीं आलेला किडा भलत्याच जातीचा निघाला. रंग हलका मिळाला; पण निवडुंगाची एक जात त्यानें फस्त केली. दुसरी जात, फड्या निवडुंग, दक्षिणेंत कुंपणांवरून गायरानांत व वाटांवर माजली. तिच्यासाठीं १९२६ सालीं सिलोनांतून निराळा किडा आणावा लागला, तेव्हां कोठें तिचा जोर मोडला. त्या त्रासाची खूण कायद्यांत राहिली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचींत उकिरडे आणि झाडोरा यांच्याबरोबर निवडुंग काढण्याचें कामही नांव घेऊन सांगितलें आहे.

हा कायदा झाला तेव्हां नवा पाहुणा उंबरठ्याच्या आंत आलेला होता. १९५५ च्या सुमारास पुण्याच्या उकिरड्यांवर एक पांढऱ्या फुलांचें झुडूप दिसूं लागलें. पानें गाजरासारखीं, म्हणून लोकांनीं त्यास गाजरगवत म्हटलें. पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर तें आलें असें सर्वत्र सांगतात. पण तो करार ऑगस्ट १९५६ चा आहे. अमेरिकन गहूं त्यापूर्वींच, १९५१ पासून, येत होता. सालांची ही जुळणी पाहतां दोष एका करारावर लादणें बरोबर नव्हे.

गाजरगवताच्या एका झाडास हजारों बिया धरतात. वारा, पाणी, गाडीचीं चाकें आणि शेणखत यांच्याबरोबर त्या पसरतात. गुरें तें सहसा खात नाहींत. माणसांस त्वचेची खाज व दमा जडतो. १९८३ सालीं मेक्सिकोहून त्याचीं पानें खाणारा भुंगा बंगळूरास आणला गेला. पावसाळ्यांत तो चांगलें काम करतो, पण कोरड्या दिवसांत जमिनींत दडून बसतो. पाटाच्या ओलीवर हें गवत तेव्हांही वाढतच असतें. म्हणून निवडुंगाप्रमाणें येथें केवळ किड्यावर विसंबतां येत नाहीं.

उपाय हाताचाच आहे, आणि त्याला वेळ पाळावी लागते. फूल येण्यापूर्वीं, माती ओली असतांना, हातमोजे घालून झाड मुळासकट उपटावें. फुलल्यावर केलेली कापणी म्हणजे पेरणीच होय. तसेंच सगळी कड खरवडून उघडी माती ठेवूं नये. टाकळा व साधें गवत राखल्यास परक्या बियांस जागा कमी मिळते.

अडचण मात्र हद्दीची आहे. मोठा रस्ता बांधकाम खात्याचा, लहान रस्ता जिल्हा परिषदेचा, गल्ली ग्रामपंचायतीची आणि बांध शेतकऱ्याचा. एकानें उपटलें व दुसऱ्यानें फुलूं दिलें, तर पहिल्याचे श्रम एका पावसांत वाया जातात. ढोकीसारख्या वाटेवरच्या गांवानें वाट बंद करतां येत नाहीं. पण आषाढांत चौघांनीं एकाच आठवड्यांत आपापली कड स्वच्छ करणें त्याच्या हातीं आहे.