सातारच्या सडकेवर पाट्यांची परीक्षा

१९०८ साली मुंबई–कोल्हापूर मार्गावर मोटारींच्या भरवशाची चाचणी झाली. रोल्स-रॉइसच्या इतिहासात ती विजय म्हणून नोंदली गेली आहे. फ्रँक नॉर्बरी यांची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस गाडी ६२० मैल धावली, तिने सहा घाट पार केले आणि बिघाडामुळे ती वाटेत एकदाही थांबली नाही. पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. या नोंदीतून इंजिनाची कीर्ती झाली. मला मात्र तीत गाडीखालच्या पाट्यांची, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या कमानींची, साक्ष अधिक मोलाची वाटते.

आधी आकडे तपासू. मुंबईहून पुणेमार्गे कोल्हापूर सुमारे अडीचशे मैल, म्हणजे जाऊन-येऊन पाचशे. उरलेले शंभरेक मैल वळशांचे असणार. बोरघाट, कात्रज आणि खंबाटकी हे तीन घाट जाता-येता मोजले की सहा भरतात, तेव्हा वळसे सपाटीवरचे असावेत, असा माझा तर्क आहे. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्येच पोचली होती. म्हणजे ही वाट प्रवासाच्या गरजेपोटी नव्हे, तर गाड्यांचा कस पाहण्यासाठीच निवडली असावी. खंबाटकी उतरल्यावर सातारा, कराड आणि वाळवा तालुका ओलांडून ती कोल्हापूरकडे जाते. तासगाव या सडकेच्या पूर्वेला, तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते.

सडक खडीची. बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी तिच्यावर चाकोऱ्या पडत. अशा वाटेवर प्रत्येक हादरा आधी पाट्यांवर येतो. लांबीने उतरत गेलेले पोलादी पाटे एकावर एक रचून मधे आवळले, की वजन जिथे सर्वाधिक वाकवते तिथे सर्वाधिक पोलाद येते. एकाच जाड पाट्याने हे साधत नाही. पाट्याची जाडी निम्मी केली तर तो आठपट लवचीक होतो, म्हणून पातळ पाटे अनेक लागतात. ते एकमेकांवर घासतात, त्याने उसळी आवरली जाते; पण मधे गंज चढला की कमान ताठरते. मधल्या बोल्टासाठी पाडलेले भोक ही तिची दुखरी जागा, तडा बहुधा तिथूनच जातो. हे गणित मोटारीच्या आधीचे आहे. ओबाडाया इलियट यांनी घोडागाडीच्या कमानीचे पेटंट १८०४ मध्ये घेतले, तर फ्रेंच अभियंते फिलिप्स यांनी रेल्वेच्या पाट्यांचा सिद्धांत १८५२ मध्ये छापला.

सुधारणा मात्र थांबली नाही. रोल्स-रॉइसच्या सुरुवातीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ गाड्यांत मागच्या दोन कमानी एका आडव्या कमानीला जोडलेल्या असत. ती मांडणी बदलून पाऊण कमान आली, आणि १९१२ च्या सुमारास कँटिलिव्हर पद्धत. कंपनीच्या डर्बीच्या कारखान्यात तर गाडी जागेवरच हादरवणारे यंत्र बसवले गेले. खडबडीत रस्ता चाकांखाली फिरवायचा आणि काय तुटते ते पाहायचे, अशी ती रीत. मोटार बनवणाऱ्यांनी रस्त्याचा अनुभव किती गंभीरपणे घेतला, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. त्या एका विजयातून ही सुधारणा झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. सातारची सडक ही अनेक परीक्षांपैकी एक होती.

तासगाव १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. मोटारगाड्यांनी गुंडाळी स्प्रिंग स्वीकारली, पण तासगावच्या बाजारातून बेदाणा नेणाऱ्या ट्रकांचे वजन अजून पाटेच पेलतात.